पोकरमधला रिव्हरचा कॉल: गुलाम किलवरचा की इस्पिकचा?

पोकरमध्ये बिग ब्लाइंडचा (पत्ते बघण्याआधीच सक्तीची पूर्ण बोली भरणाऱ्याचा) बचाव, ज्यावर माझ्या आधीच्या नोंदी भरल्या होत्या, तो आता टिकून आहे. बटनच्या (फ्लॉपपासून शेवटी बोलणाऱ्याच्या) अडीचपट रेझसमोर, म्हणजे वाढवलेल्या बोलीसमोर, कॉलला (तेवढीच रक्कम भरायला) सुमारे २७ टक्के इक्विटी (जिंकण्याची शक्यता) पुरते, हे टेबलावर आपोआप सुचतं. अडलंय ते रिव्हरवर, टेबलावरच्या पाचव्या, शेवटच्या पत्त्यावर. फ्लॉप (पहिले तीन सामाईक पत्ते) आणि टर्न (चौथा) विचारानं खेळतो, पण शेवटच्या मोठ्या बेटला निर्णय अंदाजावर जातो. माझ्या खेळातली सगळ्यात महागडी कमजोरी हीच. या आठवड्यात एका हातानं वाट दाखवली.

मी बिग ब्लाइंडला, हातात राजा-गुलाम, राजा चौकटचा. बटनचा रेझ, माझा कॉल. फ्लॉप इस्पिक राजा, इस्पिक ९, चौकट ४. टर्न किलवर ७, रिव्हर बदाम २. मी तिन्ही वेळा चेक (बोली न लावता पुढे), त्याची तिन्ही वेळा बेट, शेवटची पूर्ण पॉटएवढी (मध्ये जमलेल्या सगळ्या रकमेएवढी). म्हणजे तिनांत एकदा जिंकलो तरी कॉल फिटतो.

घरी कागदावर त्याचे व्हॅल्यू कॉम्बो (मला हरवणाऱ्या पत्त्यांच्या जोड्या) मांडले. एक्का-राजा ८, एक्क्यांची जोडी ६, नव्व्या, सत्त्या आणि चौक्यांचे सेट (तीन सारखे पत्ते) प्रत्येकी ३, राजांचा १, एकरंगी राजा-९ चे २. एकूण २६. मग ब्लफ (हातात काही नसताना लावलेली बेट) निदान १३ हवेत. हुकलेले इस्पिक फ्लश ड्रॉ (इस्पिकचे पाच पत्ते पुरे न झालेले हात), तेही बटनवरून खरोखर रेझ होतील तेवढेच धरले, तर १५ भरतात: एक्क्याचे सात, राणीचे तीन, गुलाम-१०, गुलाम-८, १०-८, ८-६ आणि ६-५. साधारण ३७ टक्के. कॉल!

हे झालं गुलाम किलवरचा असताना. गुलाम इस्पिकचा असेल तर त्याच्या रेंजमधून (संभाव्य हातांमधून) एक्का-गुलाम, राणी-गुलाम, गुलाम-१०, गुलाम-८ हे चारही ड्रॉ जातात. उरतात ११, म्हणजे ३० टक्के. फोल्ड (पत्ते टाकून देणं). टॉप पेअर (राजांची जोडी) तीच, किकर (सोबतचा गुलाम) तोच, आणि उत्तर उलटं! ब्लॉकरबद्दल (आपल्या हातातल्या ज्या पत्त्यामुळे समोरच्याचे काही हात शक्यच राहत नाहीत) वाचलं पुष्कळ होतं, पण स्वतः मोजून ते दिसलं तेव्हाचा आनंद वेगळाच.

माझं ठाम मत: सॉल्व्हर (योग्य डाव काढून देणारं सॉफ्टवेअर) उघडण्याआधी कागद-पेन्सिल. सॉल्व्हर रंगीत चौकटी दाखवतो, मोजायची सवय लावत नाही. इक्विटी पडताळायला फुकटातलं इक्विलॅब हे सॉफ्टवेअर पुरेसं आहे. ऑगस्ट २०२५ च्या कायद्यानंतर पैशांचे ऑनलाइन टेबल बंद झाले, त्याबरोबर आयत्या हँड हिस्ट्रीही (खेळलेल्या हातांच्या नोंदी) गेल्या. आता आमच्या घरगुती, नुसत्या चिप्सच्या बैठकीतले हात वहीतच उतरवावे लागतात, आणि त्यानं लक्षात जास्त राहतं.

पुढचा बेत ब्लॉकरचे तक्ते करण्याचा होता. पण हे लिहिताना एक गोष्ट खटकली. वरच्या हिशोबात राजा-राणी धरलेलीच नाही, कारण तिच्यावर तो पूर्ण पॉट मारणार नाही असं गृहीत धरलं. मारत असेल तर व्हॅल्यू ८ नं वाढून ३४ होते, ब्लफ १७ लागतात, आणि गुलाम कुठलाही असो, फोल्डच. इस्पिकच्या गुलामानं चार कॉम्बो हलतात, या एका गृहीतकानं आठ! म्हणून तक्ते मागे. आधी टेबलावरचा प्रत्येक जण रिव्हरला कुठल्या हातापर्यंत व्हॅल्यूसाठी पॉट मारतो, ते शोडाउनवरून (शेवटी उघडलेल्या पत्त्यांवरून) नावानिशी टिपायचं. राजा-राणीसारख्या दुसऱ्या फळीच्या हातांना वहीत वेगळा रकाना आखलाय.