मोरचुदाचा थेंब आणि गोल्फची किट

वागळे इस्टेटमध्ये वडिलांनी प्लेटिंगचा गाळा घेतला तेव्हा आमच्याकडे यायचं ते स्कूटरचं हँडल, नळाच्या तोट्या आणि नट-बोल्टचे पाने. गोल्फ आम्हाला टीव्हीवर चॅनल बदलताना दिसायचा, तेवढाच.

तोट्यांचं काम देणारे एक शेठ चेंबूरला गोल्फ खेळायचे. एका ऑगस्टमध्ये त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून सहा-सात आयर्न, म्हणजे लोखंडी डोक्याच्या गोल्फच्या काठ्या, आणून टाकले. "चमकवून द्या." गंज होताच, आम्ही पोरांना सांगितलं, लाव बफला, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या चाकाला. आरशासारखे झाले! शेठनी एकावरून अंगठा फिरवला आणि गप्पच झाले. चेंडू जिथे लागतो तिथल्या खाचांच्या कडा आम्ही गोल करून टाकल्या होत्या. चेंडूला फिरकी मिळते ती त्या कडांमुळे. त्यांची धार किती असावी यालाही नियम आहेत, २०१०पासून तर ते आणखी कडक झालेत. त्यातला वेज, म्हणजे चेंडू उंच उडवायची जास्त तिरक्या तोंडाची काठी, मी स्वतःच्या पैशाने नवा घेऊन दिला. धंद्यातलं ते माझं सगळ्यात महागडं बफिंग.

मग शिकलो. पहिलं म्हणजे धातू कुठला ते ओळखायचं. लोक चुंबक लावून स्टेनलेस ठरवतात, इथे ते फसतं. काठ्यांच्या डोक्यांना वापरतात त्या १७-४ आणि ४३१ या स्टेनलेसच्या दोन्ही जातींना चुंबक चिकटतं. आम्ही डोकं दांड्याला जुळतं त्या मानेजवळ मोरचुदाच्या, म्हणजे तांब्याच्या निळ्या क्षाराच्या, पाण्याचा थेंब ठेवतो. तांब्याचा लाल डाग उठला की साधं कार्बन पोलाद. वरचा क्रोमचा मुलामा शाबूत असेल तर काहीच होत नाही, म्हणून थेंब ठेवायचा तो उघड्या पडलेल्या जागी.

गिऱ्हाइकाला वाटतं गंज क्रोम अडवतं. क्रोम असतं अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास, शोभेपुरतं आणि घासलं जाऊ नये म्हणून. राखणदार तो खालचा निकल. पण बंकरच्या, म्हणजे मैदानातल्या वाळूच्या खड्ड्याच्या, वाळूने किंवा दगडाने निकलला टाचणीएवढं भोक पडलं की निकल मजेत राहतो आणि खालचं पोलादच आधी खलास होतं. मग फोड येतो, पापुद्रा सुटतो. अशा डोक्याचा जुना थर उतरवूनच नवा चढवावा लागतो. तिथेही हिशेब आहे: २० मायक्रॉन निकल म्हणजे पावणेदोन-दोन ग्रॅम वजन वाढलं. तोटीला त्याने काही होत नाही, खेळणाऱ्याच्या हाताला मात्र कळतं.

काळं फिनिश मागणारेही येतात. कॉस्टिक सोड्याच्या टाकीत साधारण १४० अंश सेल्सिअसला डोकं शिजवायचं. अर्थात दांडा आणि ग्रिप (हाताची रबरी मूठ) आधी काढून. येणारा काळा थर जेमतेम मायक्रॉनभर, आणि तो गंज अडवतो तेल धरून ठेवतो म्हणून. तेल सुकलं की संपलं. हे आम्ही आता पैसे घेण्याआधी सांगतो.

स्टीलचा दांडा आम्ही तेजाबात बुडवत नाही. कडक पोलादात हायड्रोजन शिरला की ते ठिसूळ होतं आणि फटका मारताना मोडू शकतं. त्यावरून दोन गिऱ्हाइकं रागावून गेली, जाऊ देत.

मुद्दाम बिनप्लेटिंगचा वेज घेऊन कुणी आलं तर मी त्याला परत पाठवतो. तो गंजायलाच बनवलेला असतो, वरवरच्या तांबूसपणाने खेळ बिघडत नाही. मुलगा म्हणतो, बाबा, असा धंदा करतात का?

पावसाळ्यात सगळ्यात जास्त वाट लावतं ते ओलं कव्हर आणि गाडीची डिकी. कुलाब्याला समुद्राकाठी खेळणाऱ्यांच्या किटला तर मिठाचा वारा वेगळाच. किट धुताना दांडा उलटा धरला, ग्रिपच्या टोकाच्या भोकातून पाणी आत गेलं, तर दांडा आतून सडतो आणि बाहेरून काही दिसत नाही. म्हणून प्रत्येक सेटबरोबर आम्ही जुन्या सुती बनियनचा तुकडा आणि शिवणयंत्राच्या तेलाची बाटली देतो. खोबरेल नको, ते चिकट होऊन धूळ धरतं.

शेठ अजून येतात. सेट हातात घेतला की आधी अंगठा फिरवतात.