पिवळी बस आणि कोर्टाची पायरी

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ हे आमच्या घरात नुसतं म्हणण्यापुरतं नव्हतं. आजोबांचा बांधाचा दावा तालुक्याच्या कोर्टात इतकी वर्षं चालला की ‘उद्या तारीख आहे’ एवढं कानावर पडलं, की आजी न विचारता दशम्या करायला घ्यायची. त्यामुळे न्यू जर्सीत वाहतुकीचा नियम मोडल्याचं माझ्या नावाचं तिकीट हातात पडलं आणि त्यावर ‘कोर्टात हजर राहणं आवश्यक’ असं वाचलं, तेव्हा पोटात गोळाच आला. आईला सांगितलंच नाही.

घडलं ते असं. सकाळी ऑफिसला निघाले होते. दोन पदरी रस्ता, समोरून येणारी शाळेची पिवळी बस पलीकडच्या बाजूला थांबलेली. लाल दिवे लुकलुकत होते, बसच्या अंगातून ‘स्टॉप’ची पाटी बाहेर आलेली. मी वेग कमी केला आणि पुढे गेले. बस तर पलीकडे आहे, माझ्या वाटेत नाही, असं वाटलं. आपल्याकडे एसटी थांबली की तिच्या बाजूने निघायचं, हीच सवय हातापायांत भिनलेली. मागे पोलीस होता.

इथला कायदा असा आहे: लाल दिवे चालू असतील तर बसच्या मागून येणाऱ्याने थांबायचं आणि समोरून येणाऱ्यानेही थांबायचं, बसपासून किमान 25 फूट लांब. मधे दुभाजक असेल तरच पलीकडच्या बाजूची गाडी जाऊ शकते, तीही ताशी जास्तीत जास्त 10 मैलांच्या वेगाने. मोडलं तर लायसन्सवर 5 पॉइंट, किमान 100 डॉलर दंड आणि पहिल्याच वेळी 15 दिवसांपर्यंत कैद किंवा तितके दिवस समाजसेवा. 12 पॉइंट झाले की लायसन्स निलंबित होतं, म्हणजे पाच हा लहान आकडा नाही. वेग थोडा जास्त झाला तर बऱ्याचदा घरबसल्या ऑनलाइन पैसे भरून सुटका होते. यात होत नाही.

तिकीट मिळाल्यावर आठवड्याभरात अनोळखी वकिलांची जाहिरातींची पाकिटं घरी यायला लागली. ऑफिसातले सगळे म्हणाले, ‘वकील कर, पॉइंट उडवून देईल.’ मी एकटीच गेले. जे केलं ते मला माहीत होतं.

टाउनशिपचं, म्हणजे इथल्या गावाचं, कोर्ट म्हणजे एरवी नगर परिषदेची सभा भरते तोच हॉल. दारात मेटल डिटेक्टर, पर्स ट्रेमध्ये, फोन बंद. साडेआठला पोचले तर चाळीसेक माणसं आधीच बसलेली. ऑफिसचे कपडे घातलेले, कामावरचे बूट घातलेले, कडेवर बाळ घेऊन आलेली एक आई. ज्यांनी वकील आणलेत त्यांचा पुकारा आधी. बाकीच्यांनी आपापल्या रांगेत उभं राहून सरकारी वकिलाला भेटायचं.

न्यायाधीशबाईंनी सुरुवातीला सगळ्यांना हक्क समजावून सांगितले: वकील घेण्याचा, गुन्हा नाकारण्याचा, भाषा येत नसेल तर फुकट दुभाष्या मागण्याचा. हे शेवटचं मी पुढे डोळ्यांनी पाहिलं. माझ्या आधीच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना इंग्रजी जमत नव्हतं. बाईंनी काम थांबवलं, टेबलावरच्या फोनवरून स्पॅनिश दुभाष्या जोडून घेतला आणि प्रत्येक वाक्याचं भाषांतर होईपर्यंत वाट पाहिली. घाई नाही, आवाज चढवणं नाही. शेवटी विचारलं, ‘महिन्याला किती भरता येतील?’ ते गृहस्थ बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, पन्नास. बाईंनी पन्नास लिहिले. मला तिथे आजोबा आठवले. तालुक्याच्या कोर्टात त्यांना कोणी काही समजावून सांगितलं होतं की नाही, कोण जाणे. घरी येऊन ते एवढंच सांगायचे, ‘पुढची तारीख दिली.’

सरकारी वकिलाने माझं रेकॉर्ड पाहिलं. आधीचा एकही गुन्हा नाही. तो म्हणाला, आरोप बदलून ‘असुरक्षित वाहन चालवणे’ करतो. त्याला पॉइंट नाहीत, पण दंड आणि कोर्टाच्या खर्चाशिवाय वर 250 डॉलरचा अधिभार. मी हो म्हटलं. पण तेवढ्याने भागलं नाही. न्यायाधीशबाईंपुढे उभी राहिले तेव्हा, काय केलंत ते स्वतःच्या शब्दांत सांगा, असं त्या म्हणाल्या. कबुली नुसत्या सहीची चालत नाही.

मी सांगितलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘मुलं होती का?’

होती. एक मुलगी बसच्या पायरीवर चढत होती, गुलाबी दप्तर, दांड्याला धरलेला हात. ती रस्ता ओलांडून झालेली होती. मी दहा सेकंद आधी आले असते तर ती माझ्या बाजूला असती. हे मी तोंडाने बोलले तेव्हा माझा आवाज फुटेना. तिकीट मिळाल्यापासून माझ्या डोक्यात फक्त पैसे, पॉइंट आणि इन्शुरन्स होते. ती मुलगी त्या हॉलमध्ये पहिल्यांदा डोळ्यांपुढे आली. बाई म्हणाल्या, ‘थँक यू,’ आणि रक्कम लिहिली.

बाहेरच्या खिडकीवर कार्डाने पैसे भरले, पावती घेतली. साडेअकरा वाजले होते. गाडीत बसून आईला फोन लावला आणि सगळं सांगितलं. ती आधी घाबरली, मग म्हणाली, ‘पोर घरी नीट गेली ना?’

गेल्या ऑगस्टमध्ये भाचा एमएस करायला आला. विमानतळावरून आणताना रस्त्यात पिवळी बस थांबलेली दिसली. मी गाडी लांबच थांबवली आणि त्याला दाखवली.

‘मावशी, ती तर पलीकडे आहे. समोरून येणाऱ्यांनी पण थांबायचं?’

‘समोरून येणाऱ्यांनी पण.’