न्यू ऑर्लिन्स: नकाशावरची चाळीस मिनिटं, माझे अडीच तास

मुद्द्याचं आधी सांगते. जूनमध्ये न्यू ऑर्लिन्सला जाणार असाल तर 'शहर सपाट आहे, सगळं पायी होतं' असं सांगणाऱ्या कुणाचंही ऐकू नका. मला हे तीन जणांनी सांगितलं होतं, त्यातले दोघं तिथं राहून आलेले. शहर सपाट आहे हे खरं, बराचसा भाग तर समुद्रसपाटीच्याही खाली आहे. पण पायी होतं ते फक्त फ्रेंच क्वार्टर, म्हणजे शहराचा जुना मध्यभाग. त्याच्यापुढे जायचं असेल तर हा वृत्तांत वाचून मग ठरवा.

मी सध्या कामानिमित्त ह्यूस्टनला आहे. रात्रीची बस पकडली की सकाळी न्यू ऑर्लिन्स. तीन दिवस होते आणि एकटीच होते. बहुतेक लोक जॅझसाठी जातात, मी गेले होमर प्लेसीसाठी. आपल्याकडे हे नाव फारसं माहीत नाही म्हणून थोडक्यात सांगते. १८९० साली लुइझियाना राज्याने गोऱ्यांसाठी आणि काळ्यांसाठी रेल्वेचे डबे वेगळे करणारा कायदा केला. त्याविरुद्ध इथल्या कृष्णवर्णीय क्रेओल (फ्रेंच-आफ्रिकी मिश्र वंशाच्या) मंडळींनी समिती काढली, वर्गणी जमवली, वकील दिला. ७ जून १८९२ रोजी प्लेसी नावाचा चांभारकाम करणारा माणूस पहिल्या वर्गाचं तिकीट काढून गोऱ्यांच्या डब्यात जाऊन बसला. दिसायला तो गोराच होता, त्यामुळे आपण कोण ते त्याने स्वतःच सांगितलं. अटक करणारा गुप्तहेरसुद्धा समितीनेच ठरवून ठेवला होता. ठरवून, सगळ्या तयारीनिशी केलेली कृती. वाचताना मला महाडचं चवदार तळं आठवत राहिलं. पुढे १८९६ साली सर्वोच्च न्यायालयात हे लोक सात विरुद्ध एक असे हरले, आणि 'वेगळे पण समान' या नावाखाली तो अन्याय १९५४ पर्यंत कायदेशीर राहिला. आणखी एक तारीख बघा: प्लेसीच्या अटकेनंतर बरोबर एका वर्षाने, ७ जून १८९३ ला, गांधीजींना पीटरमारित्झबर्गला पहिल्या वर्गाच्या डब्यातून खाली उतरवलं होतं. मला सात तारखेलाच तिथं उभं राहायचं होतं. रजा मिळेपर्यंत नऊ उजाडली.

सकाळी आठला जॅक्सन स्क्वेअरपासून सुरुवात केली. कॅथेड्रल, चौक, चिकोरीवाली कॉफी आणि पिठीसाखरेत बुडवलेले बेन्ये (तळलेल्या पिठाचा गोड पदार्थ), सगळं छान. कॉफीची चव आपल्या फिल्टर कॉफीच्या घराण्यातलीच आहे. त्यावर जास्त लिहीत नाही, प्रत्येक जण लिहितो.

बर्बन स्ट्रीटवर मात्र वीस डॉलर गेले. हसतमुख, नीटनेटका माणूस समोर आला आणि म्हणाला, 'तुझे बूट तुला कुठे मिळाले ते मी सांगतो, पैज लावतेस?' मी ठाण्याला घेतलेले बूट, याला काय कळणार, म्हणून 'सांगा' म्हटलं. तर म्हणे, 'तुझे बूट तुझ्या पायात आहेत आणि तू बर्बन स्ट्रीटवर आहेस.' इंग्रजीत 'यू गॉट' या शब्दांचे दोन अर्थ होतात, सगळा खेळ त्यावर. मी हसले तेवढ्यात तो खाली वाकला, बुटावर कसलासा फेस टाकून फडकं मारलं आणि वीस डॉलर मागितले. शेजारी आणखी दोघं येऊन उभे राहिले. एकटी होते, दिले. हा प्रकार तिथं वर्षानुवर्षं चालतो, हे मला नंतर कळलं. बुटांविषयी कुणी बोललं की थांबायचं नाही, हसायचं नाही, 'नो थँक्स' म्हणून चालत राहायचं. बर्बन स्ट्रीटला अर्धा तास पुरे. संध्याकाळी संगीत ऐकायचं असेल तर फ्रेंचमेन स्ट्रीटला जा.

क्वार्टर सोडायच्या आधी फ्रेंच मार्केटमधलं स्वच्छतागृह वापरून घ्या, बाटल्या भरून घ्या. बायकांसाठी हे मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढच्या वाटेवर कसलीच सोय नाही.

तिथून मारीनी भागातून रॉयल स्ट्रीटने सरळ गेलं की प्रेस स्ट्रीट येतो. रंगीत लाकडी घरं, ओसरीवर लटकवलेल्या नेच्यांच्या टोपल्या, इथपर्यंत चालायला मजा येते. कोपऱ्यावर, रुळांच्या कडेला प्लेसीच्या अटकेचा फलक आहे. २००९ साली लागला. रस्त्याच्या एका तुकड्याला आता त्याचंच नाव आहे. मी पोचले तेव्हा रुळांवर मालगाडी उभी होती. ती गाडी बावीस मिनिटं हलली नाही. दोन पोरं डब्यांमधल्या जोडणीवर पाय देऊन पलीकडे गेली. तुम्ही हे अजिबात करू नका, गाडी आवाज न करता हलते. मला ती बावीस मिनिटं फलकाशी उभं राहायला मिळाली आणि त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. ज्या रुळांवरून प्लेसीची गाडी गेली त्याच ठिकाणी आजही डबे उभे राहून रस्ता अडवतात, हे बघताना अंगावर काटा आला.

आता तो टप्पा. प्रेस स्ट्रीटपासून नॉर्थ गॅल्व्हेझ स्ट्रीटवरच्या विल्यम फ्रँट्झ शाळेपर्यंत अंतर जेमतेम तीन किलोमीटर. याच शाळेत १४ नोव्हेंबर १९६० रोजी सहा वर्षांची रूबी ब्रिजेस, तोवर फक्त गोऱ्यांच्या असलेल्या या शाळेतली पहिली कृष्णवर्णीय मुलगी, चार मार्शलांच्या (केंद्र सरकारच्या सशस्त्र अधिकाऱ्यांच्या) गराड्यात गेली होती. नकाशा म्हणाला चाळीस मिनिटं. मी सिंहगड चढणारी बाई आहे, चाळीस मिनिटांची मला काय भीती? तीन किलोमीटरला मला अडीच तास लागले.

कारण एक: फुटपाथ. ओकच्या मुळांनी फरश्या उचलून उभ्या केल्यात. काही ठिकाणी फरशी गुडघ्याएवढी तिरकी, काही ठिकाणी फुटपाथच गायब आणि गवत कमरेपर्यंत. त्यामुळे रस्त्यावरून चालावं लागतं, आणि गाड्यांना कुणी पायी येईल अशी सवयच नाही. कारण दोन: सावली. सेंट क्लॉड अ‍ॅव्हेन्यू ओलांडला की झाडं विरळ होत जातात. ऊन आपल्या मे महिन्यासारखं आणि दमटपणा ऑक्टोबरच्या मुंबईसारखा, दोन्ही एकदम. साडेअकराला माझी दोन लिटरची बाटली संपली होती. वाटेत पाणी विकत मिळेल असं दुकान मला दिसलं नाही. कारण तीन: कुत्री. कुंपणामागचीच, पण प्रत्येक वेळी दचकून रस्ता बदलला.

आणि कारण चार, ज्यासाठी मी आपणहून थांबत होते. २००५ च्या ऑगस्टमध्ये कॅटरीना चक्रीवादळ आलं, पूरभिंती फुटल्या आणि शहराचा सुमारे ऐंशी टक्के भाग पाण्याखाली गेला. एवढं मला माहीत होतं. पण एका मोकळ्या प्लॉटवर सिमेंटच्या तीन पायऱ्या दिसल्या. नुसत्या पायऱ्या. वरच्या पायरीवर लोखंडी कठड्याचा एक खांब, आणि त्याच्यामागे घर नाही, गवत. थोडं पुढे एका बंद घराच्या दाराशेजारी स्प्रेने काढलेली फुली होती, रंग उडालेला. पूर ओसरताना शोधपथकं प्रत्येक घरावर अशी फुली काढत. वरच्या कोनात तारीख, डावीकडे पथकाचं नाव, उजवीकडे आतले धोके, खालच्या कोनात किती माणसं सापडली तो आकडा. या घराच्या खालच्या कोनात शून्य होतं. मी ते शून्य नीट वाचता येतंय ना हे दोनदा पाहिलं.

शाळेच्या थोडं अलीकडे मला चक्क गरगरायला लागलं. एका ओसरीवर एक आजी बसल्या होत्या. त्यांनीच हाक मारली, 'बेबी, एवढ्या उन्हात कुठे निघालीस?' तिथं अनोळखी माणसालाही बेबी म्हणतात. मी 'मॅम, शाळा बघायला' म्हटल्यावर त्यांनी खुर्ची सरकवली, आतून बर्फाचं पाणी आणलं आणि पेला रिकामा झाला की न विचारता पुन्हा भरला. वीस मिनिटं बसले. 'ती शाळा कुठे पळून जात नाही,' म्हणाल्या. निघताना मी पैसे काढले तर त्या रागावल्या. सकाळच्या वीस डॉलरचा राग तिथंच उतरला.

शाळा विटांची, भव्य, सुट्टीमुळे फाटक बंद. रूबीचा पुतळा आतल्या चौकात आहे, त्यामुळे बाहेरूनच समाधान मानावं लागलं. पण समोरच्या रस्त्यावर उभं राहिलं की कळतं, किती अरुंद जागा आहे ती. या रस्त्यावर जमाव ओरडत होता आणि मधून ती पोर चालत गेली. वर्गातल्या बाकीच्या मुलांना पालकांनी काढून नेलं. बोस्टनहून आलेल्या बार्बरा हेन्री या बाईंनी वर्षभर एकट्या रूबीला शिकवलं. मी पंधरा मिनिटं थांबले, आणि हे ठिकाण चुकवू नका असंच सांगेन. पायी मात्र येऊ नका.

हे असं करा: सकाळी आठच्या आत टॅक्सीने थेट शाळेपाशी उतरा. तिथून नदीच्या दिशेने उलटं चालत या, म्हणजे वाईट भाग ऊन चढायच्या आत संपतो, आणि शेवटी प्रेस स्ट्रीट, मग नदीकाठच्या क्रेसेंट पार्कचा वारा आणि क्वार्टरमधलं जेवण मिळतं. टॅक्सी नको असेल तर सेंट क्लॉडवरून बस जाते, पण उतरल्यावर शाळेपर्यंत किलोमीटरभर चालावंच लागतं. बस आणि ट्राम, तिकडे स्ट्रीटकार म्हणतात, दोन्हींचं तिकीट सव्वा डॉलर, दिवसाचा पास तीन डॉलर. रोख देणार असाल तर सुटे जवळ ठेवा, उरलेले पैसे परत मिळत नाहीत. मी तीन डॉलर वाचवले असं समजून चालत निघाले होते.

परतीच्या वाटेत पाऊस आला. उन्हाळ्यात दुपारी दोन-तीनच्या सुमाराला तो येतोच असं धरून चाला. आपल्यासारखा, सरळ धो धो. शहर वाडग्यासारखं असल्यामुळे पाणी आपोआप वाहून जात नाही, पंपांनी उपसून तलावात टाकावं लागतं. काही पंप तर शंभर वर्षांपूर्वीचे आहेत. वीस मिनिटांत हिंदमाता झालं. घोट्याच्या वर पाणी, आणि त्याखाली तेच उचकटलेले फुटपाथ. चिंब भिजून बसच्या थांब्यावर उभी राहिले. रेनकोट नेऊ नका, आतून घामाने भिजाल. छत्री आणि फ्लोटर्स न्या, कापडी बूट दोन दिवस वाळत नाहीत. त्याच दिवशी औद्योगिक कालव्यापलीकडची दुसरी शाळाही बघायची होती. रूबीच्याच दिवशी तीन कृष्णवर्णीय मुली जिथं पहिल्यांदा गेल्या, ती मॅकडोनो १९. ते राहिलं, आणि त्याची हळहळ अजून आहे.

शाकाहारी लोकांसाठी दोन ओळी. लाल राजमा-भात तिथलं घरगुती जेवण, सोमवारी सगळीकडे मिळतं. नाव ऐकून हुरळून जाऊ नका, त्यात बहुतेक वेळा सॉसेज किंवा डुकराचं मांस शिजवलेलं असतं. 'मांस नको' म्हटलं तर वरचे तुकडे काढून देतात. 'मांसाशिवाय शिजवलंय का' असं विचारा.

उरलेले दोन दिवस सेंट चार्ल्सची हिरवी ट्राम, दुसऱ्या महायुद्धाचं संग्रहालय, दोन डॉलरमध्ये नदीपार नेणारी फेरी. सगळं सोपं, सगळं बघण्यासारखं. संग्रहालयाला पूर्ण दिवस ठेवा.

प्लेसीची कबर सेंट लुइस स्मशानभूमी क्रमांक एकमध्ये आहे. इथंही मला चुकीची माहिती होती. फाटक उघडं असेल, आत जाऊ, असं समजून पावसातून थेट तिथंच गेले होते. २०१५ पासून परवानाधारक गाइडशिवाय आत सोडत नाहीत. त्या दिवशीची शेवटची फेरी निघून गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली फेरी घेतली, पंचवीस डॉलरच्या आसपास, पाऊण तास. आधी तिकीट काढून जा. आत कबरी जमिनीच्या वर, छोट्या पांढऱ्या घरांसारख्या. एका सिनेनटाने स्वतःसाठी बांधून ठेवलेल्या पिरॅमिडपाशी आणि मारी लावो या वूडू (आफ्रिकेतून आलेला, मंत्रतंत्रासाठी प्रसिद्ध पंथ) राणीच्या कबरीपाशी सगळा गट थांबतो, फोटो काढतो. प्लेसीकडे वळतीलच असं नाही, म्हणून फेरी सुरू होण्याआधी गाइडला सांगून ठेवा. मी सांगितलं होतं. ते मला बाजूला घेऊन गेले, त्याचं नाव दाखवलं आणि सांगितलं की २०२२ च्या जानेवारीत राज्यपालांनी त्याला मरणोत्तर माफी दिली. १८९७ साली त्याने २५ डॉलर दंड भरला होता. गट पुढे निघून गेला होता, गाइड मात्र घाई न करता थांबले. मी दगडाला हात लावला. सकाळचे नऊ वाजले होते आणि दगड तेव्हाच तापला होता.