पोस्टडॉक शोधताना: चाळीस मेल आणि एक प्रश्न

पीएचडीचा व्हायवा, म्हणजे शेवटची तोंडी परीक्षा, झाला त्या रात्री आईने पुरणपोळी केली होती. महिन्या-दोन महिन्यांत पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची ठरावीक मुदतीची संशोधनाची जागा, मिळेल, असं मी घरी सांगून टाकलं. लागले अकरा महिने.

माझा विषय सह्याद्रीतल्या कातळसड्यांवरच्या, म्हणजे उघड्या खडकाळ पठारांवरच्या, वनस्पती. पाऊस संपला की वाळून कडकडीत होतात आणि पहिल्या सरींत पुन्हा हिरव्या होतात, अशा. पीएचडी बाहेरगावी झाली, पण घर पुण्यात, म्हणून शोधही इथेच. विद्यापीठाच्या आवारात आयुका आणि एनसीसीएस, पाषाणला एनसीएल आणि आयसर, लॉ कॉलेज रस्त्याजवळ आघारकर. एवढ्या संशोधन संस्था म्हणजे जाहिराती भरपूर असतील, असं वाटलं. असतातही, पण मला दिसल्या त्या बहुतेक जेआरएफच्या (पीएचडीआधीच्या ज्युनियर रिसर्च फेलोच्या) नाहीतर प्रोजेक्ट असिस्टंटच्या. पोस्टडॉकची जागा बऱ्याचदा जाहिरातीत नसतेच. कुणाच्या तरी प्रोजेक्टमध्ये पैसे शिल्लक असतात, नाहीतर फेलोशिप, म्हणजे आपल्या पगाराचे पैसे, आपण आणायची असते.

मग मेल लिहायला घेतले. चाळीसेक पाठवले, सगळ्यांत मजकूर तोच, फक्त वरचं नाव बदललेलं. उत्तर एकच आलं, विद्यापीठातल्या एका मॅडमचं, तेही एका ओळीचं: ‘माझा कोणता पेपर वाचलात?’

एकही वाचला नव्हता. फार लाज वाटली. पुढचे आठ दिवस जयकर ग्रंथालयात बसून त्यांचे पेपर वाचले. एका प्रयोगात त्यांनी कुंडीतली झाडं दोन दिवसांत वाळवली होती. माझ्या फील्डच्या वहीत मात्र त्याच जातीला सड्यावर वाळायला अडीच आठवडे लागल्याची नोंद होती. मी तेवढंच लिहिलं: सावकाश वाळलेलं झाड पाणी मिळाल्यावर जास्त चांगलं सावरतं का, हे तपासलं आहे का? वहीच्या त्या पानाचा फोटो जोडला. संध्याकाळी उत्तर आलं, ‘मंगळवारी अकराला या.’

मॅडमनी पहिल्याच भेटीत पैशाचं स्पष्ट सांगितलं. प्रोजेक्टचे आठ महिने उरलेत. तेवढ्यासाठी रिसर्च असोसिएट म्हणून घेता येईल, मधल्या काळात नॅशनल पोस्टडॉक्टरल फेलोशिपचा अर्ज करायचा. आरए-वनला, म्हणजे रिसर्च असोसिएटच्या पहिल्या पायरीला, 2023 पासून महिना 58,000 आणि घरभाडं. नॅशनल पोस्टडॉक्टरल फेलोशिप पूर्वी एसईआरबी ही केंद्र सरकारची संशोधनाला निधी देणारी संस्था देत असे, आता तिच्या जागी आलेली एएनआरएफ देते. मुदत दोन वर्षं. वयाची अट 35, पण बायकांना पाच वर्षांची सवलत आहे. मी 36 ची. ही सवलत माहीत नसल्यामुळे मी ती योजना आधी सोडूनच दिली होती. माझ्यासारख्या लेकरं सांभाळून उशिरा पीएचडी केलेल्या मुलींनी अटींचं ते पान शेवटपर्यंत वाचा, ही कळकळीची विनंती.

रुजू होताना अडलं ते प्रोव्हिजनल सर्टिफिकेटपाशी, म्हणजे पीएचडीच्या तात्पुरत्या प्रमाणपत्रापाशी. ते मिळायला सहा आठवडे गेले, आणि आठ महिन्यांतले तेवढे दिवस वाया गेले. व्हायवा झाला की दुसऱ्याच दिवशी त्यासाठी अर्ज टाका. फेलोशिपच्या अर्जाला यजमान संस्थेचं सही-शिक्क्याचं संमतिपत्रही लागतं. सही करणारे दौऱ्यावर असू शकतात, म्हणून मी ते शेवटच्या तारखेच्या तीन आठवडे आधीच करून घेतलं.

अर्ज गेला आहे, निकाल यायचाय. सध्या खिडकीपाशी बारा कुंड्या आहेत, सहा भराभर वाळवलेल्या, सहा सावकाश. गुरुवारी पाणी घालणार आहे.