आस्थापनेचे नाना

तहसील कार्यालयात मान असतो तो जमिनीच्या कागदांना. सातबारा, फेरफार यांच्यासाठी माणसं उन्हात रांगा लावतात, भांडतात. कर्मचाऱ्यांच्या नोकरीची सगळी नोंद ठेवणारी सेवापुस्तकं मात्र आस्थापना शाखेच्या लोखंडी कपाटात पडून असतात, आणि ज्याचं त्याला आपल्या सेवापुस्तकाची आठवण होते ती निवृत्तीला सहा महिने उरल्यावर. आमच्या कार्यालयात ही आठवण रोज करून देणारा एक माणूस होता. सगळे त्यांना नाना म्हणत.

नाना रविवारी दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. दवाखान्यात नेलं, पण तोवर सगळं संपलं होतं. हृदयविकार. निवृत्तीला अजून बरीच वर्षं होती.

शोकसभेत सगळे बोलले. मनमिळाऊ, हसतमुख, अजातशत्रू. आता हसतमुख तर नाना मुळीच नव्हते. कोषागारातून बिल आक्षेप लागून परत आलं की दिवसभर कपाळावर आठी. आणि अजातशत्रू म्हणणाऱ्याने पगारनिश्चिती तपासणाऱ्या वेतनपडताळणी पथकाशी चाललेलं त्यांचं फोनवरचं बोलणं कधी ऐकलं नसावं. चांगला माणूस म्हणजे गोड बोलणारा, असा आपला उगाच समज. नाना गोड बोलत नसत. ते मागे लागत.

"ताई, नॉमिनेशन भरलं का?" चारचौघांत मी मॅडम, एरवी ताई. भविष्य निर्वाह निधीचं वेगळं, गट विम्याचं वेगळं, उपदानाचं, म्हणजे ग्रॅच्युइटीचं, वेगळं. गट विमा योजना 1982 पासून चालू आहे, वर्गणी दर महिन्याला पगारातून कापली जाते. पण नोकरीला लागताना नामनिर्देशनात आईचं नाव टाकलेलं असतं, आणि लग्न होऊन पोरं कॉलेजात गेली तरी ते तसंच राहतं. नाना अशी नावं शोधून काढत. कुणी वैतागून म्हणायचं, "नाना, सकाळी सकाळी मरणाचं काय काढता?" त्यावर ते म्हणत, "बरं, दुपारी काढतो." आणि खरंच जेवणाच्या सुट्टीनंतर फॉर्म घेऊन हजर.

हे खूळ त्यांच्या डोक्यात कुठून शिरलं ते मला माहीत आहे. आमचा एक शिपाई वारला होता. त्याची बायको कुटुंबनिवृत्तिवेतनासाठी आली. सेवापुस्तकात तिचं नाव एक, आधार कार्डावर दुसरं, बँकेच्या पासबुकात तिसरंच. माहेरचं, सासरचं आणि कुणी तरी चुकीचं लिहिलेलं. मराठवाड्यातले पेन्शनचे प्रस्ताव नागपूरला पेन्शन मंजूर करणाऱ्या महालेखापालांकडे जातात, तिथून तिचा प्रस्ताव आक्षेप लागून परत आला. ती बाई दर सोमवारी पहिल्या एस.टी.ने यायची. उन्हाळ्याचे दिवस, शाखेत चालू पंखा एकच, नानांच्या डोक्यावरचा. ती आली की नाना उठायचे, तिला आपल्या खुर्चीवर बसवायचे आणि स्वतः कपाटापाशी स्टुलावर बसून काम करायचे. तिन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र त्यांनीच करून घेतलं, स्टॅम्पचे पैसेही बहुतेक त्यांनीच दिले. पेन्शन सुरू झाली तेव्हा ती घरच्या शेंगा घेऊन आली. नानांनी त्या सगळ्यांना वाटल्या आणि वाटता वाटता विचारलं, "तुमच्या मिसेसचं नाव आधारवर काय आहे?"

तेव्हापासून कुणाची सुटका नव्हती. 1 नोव्हेंबर 2005 ला किंवा त्यानंतर लागलेल्या पोरांना जुनी पेन्शन नाही. त्यांच्यापैकी कुणी सेवेत असताना गेलं तर कुटुंबाला निवृत्तिवेतन मिळावं म्हणून 31 मार्च 2023 चा शासन निर्णय निघाला. निर्णय येतात आणि फाइलला लागतात. नानांनी त्याच्या झेरॉक्स काढल्या, प्रत्येक पोराच्या टेबलावर ठेवल्या आणि विकल्पाचा नमुना भरून होईपर्यंत तिथून हलले नाहीत.

त्यांचे स्वतःचे कागद करायची वेळ माझ्यावर आली. सेवापुस्तकाचं पहिलं पान उघडलं. जन्मतारीख अंकी, मग अक्षरी. डाव्या हाताच्या बोटांचे ठसे, विशीतल्या पोराचे. ओळखीची खूण: डाव्या भुवईवर जखमेचा व्रण. इतकी वर्षं समोरासमोर बसलो, मला तो व्रण कधी दिसला नव्हता. चष्म्याच्या जाड काडीखाली जात असणार. लहानपणी पडले होते की कुणी दगड मारला होता, आता कुणाला विचारणार? पुढच्या पानांत त्यांनी सही-शिक्क्यासाठी मारलेल्या पेन्सिलच्या बारीक फुल्या अजून तशाच होत्या.

शेवटची नोंद मी केली: सेवेत असताना निधन. नियमाप्रमाणे मृत्यूचा दिवस सेवेत धरतात, कुटुंबनिवृत्तिवेतन दुसऱ्या दिवसापासून. म्हणजे तो रविवारही नानांच्या नोकरीत जमा झाला. त्यांना ते आवडलं असतं. तसेही मार्चअखेरीला ते रविवारी येऊन बसतच.

बाकी कागदांसाठी घरी गेले. वाटलं होतं चार खेपा होतील. वहिनींनी कपाटातून साडीच्या दुकानाची एक पिशवी काढून पुढे ठेवली. आत दुय्यम सेवापुस्तक, जुलैच्या वेतनवाढीपर्यंत पूर्ण. पासबुक, आधार, मुलांचे जन्मदाखले, सगळीकडे वहिनींचं नाव अक्षर न अक्षर एकच. "दर दिवाळीला ही पिशवी काढून मला समजावून सांगायचे," वहिनी म्हणाल्या. "मी म्हणायचे, सणासुदीचं हे काय? तर म्हणायचे, सणालाच तू घरात निवांत सापडतेस." मग त्यांना रडू आलं. मी पिशवीतले कागद उगाच पुन्हा मोजत बसले.

नागपूरहून प्रस्ताव एकाही आक्षेपाशिवाय मंजूर होऊन आला. असं आमच्याकडे क्वचितच होतं.

मधल्या काळात त्यांचं टेबल नव्या माणसाला द्यायचं म्हणून ड्रॉवर रिकामा केला. टाचण्या, शिक्क्याची वाळलेली शाई, ॲसिडिटीच्या गोळ्या आणि फुलस्केपवर केलेली एक यादी. कुणाचं काय राहिलंय त्याची. एकाचं गट विम्याचं नामनिर्देशन, एकीच्या नवऱ्याच्या नावात काना जास्त, एकाची जात पडताळणीची नोंद. झालं की त्यावर रेघ. खालून तिसरं नाव खुद्द साहेबांचं होतं. समोर लिहिलं होतं: 'दोनदा सांगितले. ऐकत नाहीत.'

यादी साहेबांना दाखवावी की नाही यावर आमचा बराच खल झाला. शेवटी शिपायाने ती टपालाच्या पॅडमध्ये घालून आत नेली. दहा मिनिटांनी बेल वाजली. साहेबांनी कोरा फॉर्म मागवला होता.