थिसिसचा विषय ठरवायच्या आधी एकदा महिने मोजा

एमडी-एमएसची नवीन जेआर-वन (पहिल्या वर्षाचे रेसिडेंट डॉक्टर) बॅच आली की दरवर्षी तेच प्रश्न सुरू होतात, मॅडम सिनॉप्सिस (थिसिसचा आराखडा) कधी द्यायचा, बीसीबीआरचा रिसर्च कोर्स कधी करायचा, लॉगबुकला (कामाच्या नोंदवहीला) सही कोणाची... मी स्वतः मायक्रोबायोलॉजीत एमडी केलंय, आता डिपार्टमेंटला ज्युनियर्सना थिसिसमध्ये मदत करते, म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच टाकते.

थिसिस सोडून बाकीच्या गोष्टी करून टाकायच्या असतात, त्यात फार डोकं लावू नका. रिसर्च मेथडॉलॉजीचा बीसीबीआर कोर्स ऑनलाइन आहे, आयसीएमआरची (वैद्यकीय संशोधनाची केंद्रीय परिषद) चेन्नईची एपिडेमिऑलॉजीची (साथरोगशास्त्राची) संस्था घेते, तो पहिल्याच वर्षात उरकून टाका. प्रोटोकॉल (अभ्यासाची सविस्तर योजना) लिहायच्या आधी झाला तर अजून चांगलं, कारण त्यातलं स्टडी डिझाइन, सॅम्पल साइज (किती केसेस घ्यायच्या) सगळं लगेच कामाला येतं. एमडी-एमएसला एकूण ८० टक्के हजेरी लागते. कॉन्फरन्सला पोस्टर किंवा पेपर करायचाय तर अ‍ॅब्स्ट्रॅक्टच्या तारखांवर लक्ष ठेवा, बस.

खरा घोळ थिसिसमध्ये होतो, आणि तो शेवटच्या वर्षी दिसला तरी सुरू झालेला असतो विषय ठरवताना.

हिशोब बघा. कोर्स ३६ महिन्यांचा. थिसिस परीक्षेच्या सहा महिने आधी सबमिट करायचा आणि तो मंजूर झाल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही, म्हणजे राहिले ३०. विषय, गाईडशी चर्चा, प्रोटोकॉल, एथिक्स कमिटी (पेशंटवरच्या अभ्यासाला परवानगी देणारी समिती) यात सहाएक महिने सहज जातात, राहिले २४. तीन महिने डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी, तेव्हा तुम्ही जिल्हा रुग्णालयात असता आणि तुमचे पेशंट इकडे कॉलेजच्या हॉस्पिटलमध्ये, म्हणजे २१. अ‍ॅनालिसिस, लिखाण, गाईडची करेक्शन्स, प्लेजरिझम चेक, बाइंडिंग याला पाच महिने धरा. उरले १६. तीन वर्षांतले केस घ्यायला मिळणारे महिने एवढेच, त्यातही ड्युट्या, सेमिनार, आजारपण आलंच.

आता सॅम्पल साइज. साधा प्रिव्हॅलन्सचा फॉर्म्युला घ्या, ४ गुणिले पी गुणिले क्यू, भागिले डीचा वर्ग (पी म्हणजे प्रिव्हॅलन्स, आजार किती टक्के लोकांत आहे ते, क्यू म्हणजे १०० वजा पी, डी म्हणजे चालणारी एरर). प्रिव्हॅलन्स २० टक्के आणि एरर ५ टक्के धरली तर येतात २५६ केसेस. सोळा महिन्यांत २५६ म्हणजे महिन्याला १६. तुमच्या ओपीडीत त्या आजाराचे पेशंट महिन्याला पाचच येत असतील तर हा विषय तुमच्यासाठी नाही, कितीही छान असला तरी नाही. विषय फायनल करायच्या आधी रेकॉर्ड सेक्शनला जाऊन मागच्या वर्षीचं रजिस्टर उघडा आणि केसेस मोजा. गाईडसमोर आकडा ठेवला की बहुतेक गाईड ऐकतात, असा माझा तरी अनुभव आहे.

हे मी इतकं का ताणतेय, तर केसेस कमी पडल्या की मुलं शेवटी मास्टर चार्टमध्ये (सगळ्या केसेसच्या माहितीच्या तक्त्यात) खोटे आकडे भरायला लागतात. मला हे मनापासून वाईट वाटतं. हुशार मुलं असतात, रात्र रात्र ड्युटी करणारी, आणि न घेतलेल्या सॅम्पलचे रिझल्ट लिहितात. उद्या कोणीतरी तोच डेटा रिव्ह्यूमध्ये घेतं आणि त्यावरून अँटिबायोटिक ठरतं. त्यापेक्षा ६० केसेसचा खरा डिस्क्रिप्टिव्ह (जे दिसलं तेवढंच मांडणारा) स्टडी करा, लिमिटेशनमध्ये स्पष्ट लिहा, कोणी नापास करत नाही.

एथिक्स कमिटीचं पण नीट समजून घ्या. अप्रूव्हलचं पत्र हातात यायच्या आधी एकही केस घ्यायची नाही, आधी घेऊ मग दाखवू हा प्रकार नकोच. कमिटीत वकील, सामाजिक शास्त्रातलं कोणीतरी, एखादी सामान्य व्यक्ती असते आणि चेअरपर्सन संस्थेबाहेरचा असतो, त्यामुळे प्रश्न फक्त मेडिकल नसतात. हमखास येणारा प्रश्न म्हणजे जास्तीच्या तपासणीचा खर्च कोण देणार. थिसिससाठी केलेल्या टेस्टचे पैसे पेशंटकडून घ्यायचे नाहीत. किट महाग असेल तर आधीच सोय बघा, आयसीएमआरची एमडी-एमएस थिसिससाठी आर्थिक मदतीची योजना असते, तिथे अर्ज करा नाहीतर टेस्ट बदला. इंटरव्हेन्शन स्टडी (पेशंटला एखादा उपचार देऊन बघणारा) असेल तर सीटीआरआयवर (क्लिनिकल ट्रायल्सची सरकारी नोंदणी) रजिस्ट्रेशन पहिला पेशंट घ्यायच्या आधी, २०१८ च्या एप्रिलपासून नंतर करूच देत नाहीत.

कन्सेंट फॉर्म जुन्या थिसिसमधून कॉपी करू नका प्लीज. वॉर्डातल्या मावशींना किंवा एखाद्या नातेवाईकाला वाचून दाखवा, त्यांना कळलं का विचारा, त्या जिथे अडतील ते वाक्य बदला. पेशंटला वाचता येत नसेल तर अंगठा आणि सोबत तटस्थ साक्षीदाराची सही, आणि तो साक्षीदार म्हणजे तुमचा को-रेसिडेंट नव्हे. मुलांवर स्टडी असेल तर पालकांच्या कन्सेंटबरोबर सात वर्षांपुढच्या मुलाची स्वतःची संमतीही लागते, बारापर्यंत तोंडी आणि त्यापुढे लेखी. पेशंट "नाही" म्हणाला तर ट्रीटमेंटमध्ये काही फरक पडणार नाही हे तोंडाने सांगा, फॉर्मवर छापलंय म्हणून सोडू नका, सरकारी दवाखान्यात आलेला माणूस डॉक्टरला सहसा नाही म्हणत नाही.

आणि बायोस्टॅटच्या (वैद्यकीय संख्याशास्त्राच्या) सरांकडे डेटा गोळा झाल्यावर नाही, प्रोफॉर्मा (प्रत्येक केसची माहिती भरायचा फॉर्म) छापायच्या आधी जा. वय नुसतं गटात टिक केलं असेल तर नंतर नेमकी सरासरी काढता येत नाही, सरळ आकडा लिहा. एक्सेलमध्ये दर आठवड्याला एंट्री करा आणि कॉपी दोन ठिकाणी ठेवा. विषयाबद्दल काही अडलं तर डिपार्टमेंट आणि महिन्याला अंदाजे किती केसेस येतात ते लिहून विचारा, त्याशिवाय मला सांगता येणार नाही.