थर्मामीटर खोटं बोलत नव्हतं

अकरा दिवस शी नाही, खाणं बंद, पोट टणक. फोनवर एवढं ऐकलं की सरडे-कासवं बघणारा कुठलाही डॉक्टर पहिल्यांदा विचारतो, पेटीत खाली काय अंथरलंय? उत्तर आलं, कॅल्शियमची वाळू. पेशंट टेबलावर यायच्या आधीच माझ्या डोक्यात निदान लिहून झालं होतं, वाळूनं आतडं तुंबलंय, आणि तेच अजून डोक्यातून जात नाही.

बेअर्डेड ड्रॅगन, म्हणजे पाळीव सरडा, सव्वादोन वर्षांचा, वजन ४१२ ग्रॅम. शेपूट उचलून आधी नर असल्याची खात्री केली. मादी असती तर 'बद्धकोष्ठ' म्हणून आलेलं पोट अंड्यांचंही असू शकतं. नर सोबत नसला तरी माद्या अंडी धरतात. गळ्याखालची 'दाढी' काळी पडलेली, पण फुगवायची ताकद नव्हती. डोळे आत गेलेले. तोंड उघडलं तर लाळ दोऱ्यासारखी ताणली जात होती. टेबलावर ठेवल्यावर तो हलला नाही, फक्त मागच्या पायाची बोटं थरथरली. थांबली. पुन्हा थरथरली.

त्या बोटांनी मला पहिल्यांदा अडवलं. वाळूनं आतडं तुंबेल, पण वाळूनं बोटं थरथरत नाहीत. ते काम रक्तातलं कॅल्शियम उतरल्याचं. आणि आतड्याची भिंत हाही स्नायूच. कॅल्शियम कमी पडलं की तीही ढिली पडते, आतला माल पुढे सरकत नाही.

आधीच्या दवाखान्यात दोन दिवस सिरिंजने लिक्विड पॅराफिन पाजलं होतं. याचा मला राग येतो, लपवत नाही. त्या तेलाला चव नसते, घशात आलं तरी सरड्याला पत्ता लागत नाही, आणि श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं. फुप्फुसात गेलेलं तेल काढून टाकणारं औषध नाही. शिवाय तो तसाच थंड आणि सुकलेला असताना त्याला किड्यांची पेजही भरवली होती. सरड्याचं पचन बाहेरच्या उष्णतेवर चालतं. थंड पोटात घातलेलं अन्न पचत नाही, सडतं.

एक्स-रे दोन काढले. एक वरून, आणि एक त्याला नेहमीसारखं पोटावर बसवून आडव्या किरणाने, म्हणजे वायू कुठे साठलाय ते दिसतं. मोठ्या आतड्यात पांढरे कण भरपूर होते. पण अख्खी वाट बंद करणारा गोळा नव्हता. कण विष्ठेत विखुरलेले होते, आणि त्यांच्या पुढे-मागे वायू होता. हाडांच्या कडा असायला हव्यात त्याहून पुसट. शेपटीच्या शिरेतून रक्त घेतलं. आयनाइज्ड कॅल्शियम, म्हणजे रक्तातलं प्रत्यक्ष कामाला येणारं कॅल्शियम, कमी निघालं.

इथे क्रम महत्त्वाचा असतो, आणि बहुतेक गोंधळ क्रमातच होतो. आधी ऊब: इन्क्युबेटर ३२ अंशांवर, तासभर काही करायचं नाही. मग पाणी: कोमट सलाईन ८ मिली, म्हणजे किलोला २० मिलीच्या हिशेबाने, दोन्ही कुशीत कातडीखाली वाटून. कॅल्शियम ग्लुकोनेट किलोला १०० मिलीग्रॅम, म्हणजे १० टक्क्यांच्या द्रावणाचं ०.४ मिली, सलाईनमध्ये पातळ करून. नंतर ३३ अंशांच्या पाण्यात पंधरा मिनिटं, पाणी खांद्याच्या वर नाही. पेशंट अशक्त असला की डोकं पाण्यात पडतं, म्हणून हनुवटीखाली बोट धरून बसायचं. हे काम मी कुणावर सोपवत नाही.

एनिमा सर्वात शेवटी. मऊ रबरी कॅथेटर, भरपूर जेल, कोमट सलाईन ३ मिली. किलोला १० मिलीच्या वर जायचं नाही, कारण ताणलेलं पातळ आतडं फाटतं. कॅथेटर अडलं तर ढकलायचं नाही, मागे घेऊन कोन बदलायचा. आतडं हलवणारं इंजेक्शन मी दिलं नाही. पुढे वाट खरंच बंद असेल तर ते इंजेक्शन म्हणजे बंद दारावर धक्के.

सव्वीस तासांनी इन्क्युबेटरमधून वास आला. तो वास ज्याला ठाऊक आहे त्याला आनंदच होतो. अंगठ्याएवढा कोरडा, काळपट तुकडा, वर साखर लावल्यासारखी वाळू. त्यामागे मऊ, दुर्गंधी माल. शेवटी युरेट, म्हणजे सरड्याची घट्ट लघवी: पांढरा आणि ओलसर हवा तो, इथे पिवळा आणि खडूसारखा कडक, म्हणजे पाणी बरेच दिवस कमी पडलेलं.

ताजी विष्ठा लगेच मायक्रोस्कोपखाली घेतली. कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी) नाही, पिनवर्म या बारीक जंतांची तुरळक अंडी. माझ्या सहकाऱ्याने लगेच फेनबेंडाझोल काढलं. जंत दिसला की मारलाच पाहिजे, ही कुत्र्या-मांजरांच्या ओपीडीतली सवय. चार-दोन पिनवर्म निरोगी ड्रॅगनमध्येही असतात. सुकलेल्या, अर्धमेल्या पेशंटला जंतनाशक देण्याची घाई कशाला? काही सरीसृपांत या औषधाने पांढऱ्या पेशी घटल्याच्या नोंदी आहेत. बाटली परत कपाटात गेली.

आता वाळूकडे. मालकाने सांगितलं, ही वाळू दोन वर्षं तीच आहे, कधी त्रास झाला नाही. असं सगळेच म्हणतात. पण मग गेल्या महिन्यातच काय झालं? बास्किंगचं, म्हणजे दिव्याखाली ऊब घ्यायच्या जागेचं, तापमान विचारलं तर म्हणाले, चाळीस, रोज बघतो. थर्मामीटरचा फोटोही दाखवला. चाळीसच.

माझी टेम्परेचर गन आणि यूव्ही (अतिनील किरण) मोजणारा मीटर त्यांच्यासोबत घरी पाठवला. संध्याकाळी आकडे आले. दिव्याखालच्या फरशीचा पृष्ठभाग ३० अंश; हवा होता ३८ ते ४२. फरशीवर यूव्ही इंडेक्स १.१. मग काचेवर चिकटवलेल्या थर्मामीटरच्या उंचीला मोजायला सांगितलं. तापमान ४०, इंडेक्स ३.६.

त्या उंचीवर पूर्वी एक जाड फांदी होती. दोन महिन्यांपूर्वी तिच्या फटीत त्याचं नख अडकून तुटलं, म्हणून काळजीपोटी फांदी काढली आणि दिव्याखाली सपाट फरशी ठेवली. सरडा बावीस सेंटिमीटर खाली आला. दिवा, यूव्हीची ट्यूब आणि थर्मामीटर होते तिथेच राहिले. थर्मामीटर दोन महिने अगदी खरा आकडा दाखवत होतं, जिथे सरडा नव्हता त्या जागेचा.

एका फांदीने दोन्ही गोष्टी नेल्या. ऊब कमी, म्हणून पचन मंद. यूव्हीबी (अंगात डी३ जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील किरण) कमी, म्हणून डी३ कमी, म्हणून अन्नातलं कॅल्शियम अंगी लागेना, म्हणून आतडं ढिलं. ट्यूबही अकरा महिन्यांची, मध्ये जाळी, म्हणजे किरण आधीच कमी. फांदी होती तोवर निभावलं. तो सुस्तावला तेव्हा मालकांना वाटलं, ब्रुमेशन (सरड्यांची थंडीतली लांब झोप) आलं, झोपू द्यावं. भरल्या पोटाने झोपवला. वाळू पूर्वीही पोटात जात असणार. आतडं चालतं होतं तोवर ती बाहेरही जात होती.

तरी वाळू काढायला सांगितलीच, खाली साध्या टाइल्स घातल्या. फांदीची फट बुजवून ती परत बसवली. ट्यूब नवी. खाद्यकीटक दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा नको, आणि पहिले दहा दिवस फक्त मऊ अळ्या नि पालेभाजी.

मी ऊब, पाणी, कॅल्शियम आणि एनिमा एकाच दिवसात दिलं, त्यामुळे त्याला नेमकं कशानं मोकळं केलं ते मला सांगता येत नाही. एनिमाशिवायही झालं असतं का, असं वाटत राहतं. केसपेपरवर निदानाच्या रकान्यात मी आधी 'वाळू' लिहिलं होतं, ते खोडलंय, पण त्या जागी एका शब्दात काय लिहावं ते सुचलेलं नाही.

तीन आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे काढला. वजन ४३८, दोन दिवसांआड शी, बोटं स्थिर. आतड्याच्या एका वळणात आठ-दहा पांढरे ठिपके अजून तसेच बसलेत.